मोठ्या माणसांना काय द्यायचे?

दसऱ्याचे सोने वाटून झाले, की मराठी घरांत एक दबक्या आवाजातली चर्चा सुरू होते. ती स्वयंपाकघरात होते किंवा रात्री दिवे मालवल्यावर होते. मुलांसमोर आणि सासू-सासऱ्यांसमोर होत नाही. 'यंदा ताईंना काय द्यायचे?' 'गेल्या वर्षी त्यांनी आपल्याला काय दिले होते?' 'तो काचेचा सेट नाही का!' 'म्हणजे हजाराच्या खाली चालायचे नाही.' मग थोडा वेळ कोणी बोलत नाही. बोनस किती, फराळाला किती, मुलांच्या कपड्यांना किती, पाडव्याची ओवाळणी किती, ही बेरीज दोघांच्याही मनात चाललेली असते आणि तिचे उत्तर दोघांनाही ठाऊक असते.

लहान मुलांचे सोपे असते. किल्ल्यावरचे चार मावळे, फुलबाज्यांचा एक पुडा, रंगपेटी. तेवढ्यावर मूल खूश होते आणि ते आपल्याला लगेच दिसते. मोठ्या माणसांचे तसे नाही. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला जे हवे असते ते त्याने आधीच घेतलेले असते आणि जे घेतलेले नसते ते आपल्यालाही परवडणारे नसते. साठीपुढच्यांना विचारावे तर 'मला आता काही नको रे' हे उत्तर तयार. ते पुरते खरे नसते, पुरते खोटेही नसते. आणि न विचारता काही घेऊन जावे, तर ते पिशवीसकट कपाटाच्या वरच्या फळीवर जाते आणि पुढच्या कोणाच्या तरी वास्तुशांतीला बाहेर पडते. एकच ब्लाऊजपीस सात घरे फिरून मूळ मालकिणीकडे परत आल्याची गोष्ट प्रत्येक कुटुंबात सांगितली जाते.

स्वस्त भेटवस्तूंच्या याद्या हल्ली सगळीकडे मिळतात. दोनशे रुपयांच्या आत दहा वस्तू, पाचशेच्या आत वीस. त्या वाचून कोणाची अडचण सुटल्याचे मला दिसलेले नाही, कारण अडचण वस्तू न सुचण्याची नसतेच. 'एवढेसेच आणले' असे समोरच्याला वाटेल का, ही खरी अडचण असते. तेव्हा यादीकडे वळण्याआधी या 'एवढेसेच'चा हिशेब पाहायला हवा. माझी सारी नोकरी बँकेत झाली. हिशेब कोणाचाही असो, त्याची मागची पाने उलटून पाहण्याची सवय जात नाही.

आपल्याकडे लग्नमंडपाच्या दाराशी एक चुलतभाऊ वही घेऊन बसत असे. 'श्री. अमुक, रुपये अकरा.' 'सौ. तमुक, एक पातेले.' ही आहेराची वही कार्य उरकल्यावर लग्नपत्रिकेसोबत ट्रंकेत जपून ठेवली जाई. नव्या पिढीला ते हावरटपणाचे वाटते. पण तो हावरटपणा नव्हता. त्या अमुकांच्या घरी कार्य निघाले, की वही काढून पाहायचे आणि अकराला अकरा किंवा थोडे अधिक करायचे. ही एक बिनव्याजी भिशीच होती. ज्याच्या घरी कार्य त्याला त्या वेळी पैशांची गरज, म्हणून सगळ्यांनी मिळून भांडी आणि रक्कम उभी करून द्यायची. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली भेटवस्तूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. देणे, घेणे आणि परत फेडणे ही तीन बंधने जगातल्या कितीतरी समाजांत भेटीला चिकटलेली असतात, असे त्याने त्यात दाखवले. आपल्या आजीला हे निबंधावाचून माहीत होते. फेड अगदी तंतोतंत करायची नाही, थोडे इकडे-तिकडे राहू द्यायचे, म्हणजे येणे-जाणे राहते, हेही तिला माहीत होते. हे खाते बंद करायचे नसते, चालू ठेवायचे असते.

ती वही चालली, कारण वहीतले लोक थोड्याफार फरकाने सारख्या परिस्थितीतले होते. आता एकाच आईच्या तीन मुलांत एक हिंजवडीला संगणक कंपनीत, एक तालुक्याच्या शाळेत कारकून आणि बहीण दिलेल्या घरी शेतीवर. १९९१ नंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत पगारांमधले अंतर वाढले, तसे ते भावंडांच्या मधोमधही येऊन बसले. एका ताटात जेवलेल्या माणसांच्या उत्पन्नात दहापटीचा फरक पडला आणि वहीचा नियम मात्र तोच राहिला: जेवढे आले तेवढे गेले पाहिजे. इथे मोडते ते वरच्या भावाचे नाही, खालच्याचे. वरचा आपल्या ऐपतीने, अगदी प्रेमाने, महागाचे काही आणतो आणि त्या क्षणी खालच्याच्या डोक्यावर कर्ज चढते.

याचे व्याज मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात बँकेत दोन प्रकारची गर्दी असे. एक कोऱ्या नोटांसाठी. दहाच्या नोटांचे बंडल मिळावे म्हणून ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांची वर्णी लागे. ओवाळणीच्या पाकिटात वरचा एक रुपया हवाच, म्हणून एकेकाळी एकच्या नोटांनाही मान होता. (ही एकाची नोट रिझर्व्ह बँकेची नव्हे, भारत सरकारची, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते. १९९४ साली तिची छपाई थांबली आणि २०१५ साली पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात नाण्याने काम भागवले.) दुसरी गर्दी शांत असे. ती सोनेतारणाच्या टेबलाशी. नव्या जावयाचा दिवाळसण करायचा म्हणून सासूची पाटली, बहिणीला शालू न्यायचा म्हणून बायकोचा गोफ. भाऊबीज साजरी झाल्यावर तो दागिना सोडवायला वर्ष वर्ष लागे.

आमचे कर्मचारीही वेगळे नव्हते. बँकेत सणासाठी बिनव्याजी अग्रिम मिळत असे आणि दहा मासिक हप्त्यांत तो पगारातून कापला जाई. दहावा हप्ता संपून दोन महिने मोकळे गेले, की पुढचा अर्ज. एका तालुक्याच्या शाखेत आमचे एक दफ्तरी होते. त्यांना चार बहिणी. दर भाऊबीजेला चौघींना चार साड्या, हा त्यांचा नेम आणि त्यासाठी दर वर्षी अग्रिम. थोरलीचा नवरा ठेकेदार. घरी गाडी, दोन मजली घर. तिला त्या साडीची गरज नाही, हे सगळ्यांना दिसत होते. पण धाकट्या तिघींना द्यायची आणि थोरलीला नाही, असे कसे करणार?

एका भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर थोरली म्हणाली, "दादा, पुढल्या वर्षी साडी आणू नकोस. माझ्या सासरच्या रानातल्या तुरीला चव नाही. आपल्या आईच्या हातच्या वरणाची चव आपल्याच तुरीला. पायलीभर तूर आण, भरडून." दफ्तरींना ते आधी लागले. चार लुगडी नेणारा भाऊ ही त्यांची गावातली पत होती. दोन दिवस ते कोणाशी नीट बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षी त्यांनी चार पिशव्या शिवून घेतल्या, त्यांत डाळ भरली आणि चौघींकडे दिली. थोरलीने मागितली म्हटल्यावर धाकट्यांना नाक मुरडायला जागा उरली नाही. त्या वर्षी त्यांनी अग्रिमाचा अर्ज केला नाही. शाखेत ते कोणाच्या लक्षातही आले नसते. पगारपत्रक माझ्या टेबलावर असे, म्हणून माझ्या आले.

मला या विषयावर जे म्हणायचे आहे ते या बाईने करून दाखवले होते. स्वस्त भेटीची सुरुवात ज्याच्याकडे जास्त आहे त्याने करायची असते. गरीब भावाने स्वस्त वस्तू आणली तर ती त्याची परिस्थिती म्हणून मोजली जाते. श्रीमंत भावाने आणली तर ती त्या घराची रीत होते. आणि सुरुवात करायची ती मागून. 'आपण यंदापासून पाचशेच्या वर काही द्यायचे नाही' असा ठराव कौटुंबिक गटावर टाकला, की प्रत्येकाला कळते, हा ठराव कोणासाठी आहे. त्याऐवजी ज्याची परिस्थिती बेताची त्याच्याकडे असे काही मागावे, जे त्याच्याचजवळ आहे आणि बाजारात नाही. त्याचे शेत, त्याचा हात, त्याची आठवण, त्याचा एक दिवस. मागणाऱ्याला थोडे खाली वाकावे लागते. आमच्या मोठ्या पगाराच्या मंडळींना नेमके तेवढेच जमत नाही.

न जमल्यावर काय होते, तेही सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. खातेदाराची गोष्ट बाहेर बोलायची नाही, हे वळण निवृत्तीनंतरही सुटत नाही. एक शिक्षिका होत्या, निवृत्त. भाऊबीजेच्या दोन दिवस आधी त्यांनी पाच हजार काढले. भाऊबीज झाल्यावर पहिल्याच सोमवारी तेच पाच हजार, त्याच नोटा, भरायला आणल्या. मी सहज विचारले, भावाकडे जाऊन आलात का? म्हणाल्या, "सर्दी झाली होती, कळवून टाकले." गेल्या खेपेस भावाने रेशमी साडी आणि स्वयंपाकघरातले एक महागडे यंत्र दिले होते. तिथे भावजयीला काय न्यायचे याचा हिशेब त्यांना पाच हजारांतही बसला नव्हता. त्या भावाला बिचाऱ्याला काय वाटले असेल? ताईची तब्येत हल्ली बरी नसते, एवढेच.

पैशाच्याच भाषेत बोलायचे, तर महागड्या भेटीतले बरेचसे पैसे वाटेत सांडतात. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला. विद्यार्थ्यांना मिळालेल्या वस्तू दुकानात कितीच्या आणि त्यांना स्वतःला त्यांची किंमत किती वाटते, हे विचारले. दहावा हिस्सा ते एक तृतीयांश किंमत मधल्यामध्ये नाहीशी झालेली निघाली. मित्रांच्या भेटींत हे नुकसान कमी आणि आजी-आजोबा, काका-मावशा यांच्या भेटींत जास्त. अर्थ उघड आहे. ज्याला आपण रोज पाहतो, त्याला काय लागते ते आपल्याला कळते. ज्याला वर्षातून एकदा पाहतो, त्याच्यासाठी आपण फक्त किंमत खरेदी करतो. आपल्याकडच्या सुक्यामेव्याच्या मखमली डब्यांवर कोणी असा अभ्यास केला, तर डब्याची किंमत मेव्याहून जास्त निघेल.

आता वस्तूंकडे येऊ.

खाण्याच्या पदार्थांना हातचे म्हणून मान असतो, पण दिवाळीत तयार फराळ कोणाला नेऊ नये. त्यांच्या घरीही डबे भरलेले असतात. त्याऐवजी फराळाच्या आधी पोहोचेल असे काही द्यावे. अनारशाचे पीठ हे त्यातले सर्वांत मोठे दान. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत वाळवायचे, दमट असतानाच कुटायचे, गूळ मिसळून मुरत ठेवायचे. शहरात नोकरी करणाऱ्या बहिणीला हे शक्य नसते आणि गावातल्या भावजयीला ते डोळे मिटून येते. किलोभर चकलीची भाजणी, घरचे मेतकूट, गोडा मसाला, कोकणातल्यांनी कुळथाचे पीठ आणि आगळ, कोल्हापूरकडच्यांनी कांदा-लसूण मसाला. खर्च शे-दोनशे. डब्यावर प्रमाण लिहून चिकटवावे. पुढच्या वर्षी तिला तुमची आठवण काढत स्वतः करून पाहता येईल. मूळ प्रमाण आईचे असेल तर आईच्या हस्ताक्षरातला कागद झेरॉक्स करून लावावा.

दुसरा प्रकार दुरुस्तीचा. हा पुरुषांना विशेष जमेल, कारण दुकानात जाऊन वस्तू निवडताना ते गोंधळतात. वडिलांच्या थांबलेल्या घड्याळाला नवा पट्टा आणि सेल. काकांच्या चष्म्याची सैल झालेली दांडी. घरातल्या सगळ्या विळ्या-सुऱ्यांना धार. आईच्या पितळी पातेल्याला कल्हई. कल्हईवाला आता दारावर फारसा येत नाही, पण जुन्या पेठांतून विचारत गेले तर अजून सापडतो. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्यांची गोधडी शिवून देणाऱ्या बायका अजूनही गावोगाव आहेत. मजुरीचे काही पैसे होतात, पण ते चार नातवंडांनी मिळून दिले तर भार नाही. गोधडीला एक नियम मात्र पाळावा. लुगडी आजीला विचारून घ्यावीत आणि वरचा पदर कोणता लावायचा, ते तिलाच ठरवू द्यावे.

पूर्वी भांड्यांवर नावे घालून देत. भांड्यांच्या दुकानात एक माणूस टिंबाटिंबांनी नाव कोरणारे यंत्र घेऊन बसलेला असे. 'चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून', खाली तारीख. त्या वेळी आम्हाला त्याचे हसू येई. आज फडताळातला एखादा डबा उतरवला आणि झाकणावर १९७८ची तारीख आणि गेलेल्या माणसाचे नाव दिसले, की हसू येत नाही. वाटी किंवा पळी शंभर रुपयांची असो, तिच्यावर नाव घाला. ज्याला ती मिळते तो ती फिरवून दुसऱ्याला देऊ शकत नाही, हा आणखी एक फायदा.

वाचणाऱ्यांसाठी दिवाळी अंक आहेच. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही मराठी माणसाची आपली अशी सणाची भेट आहे. एक अंक आता तीन-चारशेच्या घरात जातो. पण चार भावंडांनी चार वेगळे अंक घ्यायचे आणि महिन्या-महिन्याने बदलायचे ठरवले, तर संक्रांत ओलांडेपर्यंत येणे-जाणे चालू राहते. निवृत्त माणसाला ग्रंथालयाची वर्षाची वर्गणी भरून द्यावी. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. तालुक्या-तालुक्याला अशी एक तरी जुनी संस्था आहे आणि तिची वर्गणी एका शर्टाहून कमी आहे. शिवाय शर्ट घालून माणूस घरात बसू शकतो, वर्गणी भरली की बाहेर पडावे लागते.

ज्यांच्याकडे सगळे आहे आणि ज्यांच्या घरी वस्तू ठेवायला जागा नाही, त्यांच्या नावाने महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेच्या भाऊबीज निधीला यथाशक्ती रक्कम द्यावी आणि पावती ताटात ठेवावी. पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या मुलींच्या शिक्षणाला या ओवाळणीचा हातभार लागला आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना द्यायची सर्वांत मोलाची भेट मात्र मी बँकेच्या अनुभवावरून सांगेन. तिला पैसे लागत नाहीत, एक दुपार लागते. आई-वडिलांची, काका-काकूंची पासबुके आणि मुदतठेवींच्या पावत्या काढून बसावे आणि प्रत्येक खात्याला नॉमिनेशन आहे का ते पाहावे. असेल तर पासबुकावर तशी नोंद असते. कितीतरी ठेवींवर ती नसते. किंवा असते ती पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या नावाची. मग मागे राहिलेल्यांना वारस दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि कोणाला किती हिस्सा तेही लिहिता येते, तेव्हा 'एकाचेच नाव कसे घालू?' ही आईची जुनी अडचण उरलेली नाही. दहा वर्षे व्यवहार न झालेली खाती आणि कोणी मागणी न केलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात, पण त्या बुडत नाहीत; रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'उद्गम' या संकेतस्थळावर नाव घालून शोधता येतात. एखाद्या काकूंना आपल्या कैलासवासी यजमानांची विसरलेली पावती सापडवून दिलीत, तर यापुढे त्या घरात तुमच्या चहाला आले-वेलदोडा कमी पडणार नाही.

पण हे करताना एक पथ्य. मुलाने पासबुक मागितले, की आई-वडिलांच्या मनात पाल चुकचुकते आणि भावंडांच्या मनात तर नक्कीच. म्हणून ही बैठक सगळे जमलेले असताना घ्यावी आणि सुरुवात आपल्या कागदांपासून करावी. 'माझी पॉलिसी, माझी ठेव, ही माझ्या बायकोची. आता तुमचे बघू.' इथेही ज्याच्याकडे जास्त, त्याने आधी.

दिवाळीच्या आसपासच निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला येतो. नोव्हेंबरात तो द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ऐंशी पार केलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. २०१४ पासून तो डिजिटल 'जीवन प्रमाण' म्हणून देता येतो आणि २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही चालतो, कारण कष्टाच्या हातांचे ठसे यंत्राला उमटत नसत. मावशीकडे जाऊन हे दहा मिनिटांचे काम करून द्यावे. सोबत सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आणि ठळक अक्षरांत लिहिलेली फोन नंबरांची वही. तिच्या फोनमध्ये सगळे नंबर आहेत हे खरे. फोन बंद पडतो तेव्हा ते नसतात, हेही खरे.

काय देऊ नये, ते थोडक्यात. भिंतीवरची घड्याळे, देवादिकांच्या काचेच्या मूर्ती आणि ज्यावर धूळ बसण्यापलीकडे काही होत नाही असे सारे. वजनकाटा देऊ नये, विशेषतः नणंदेने भावजयीला. आणि परगावच्या भावांनी फोनवरून रक्कम पाठवून 'बघ गं, आले का' एवढ्यावर भाऊबीज उरकू नये. पैसे जरूर पाठवा, पण त्या दिवशी पंधरा मिनिटे बोला आणि पोस्टाने चार ओळी आधी पाठवा. टपालाचा खर्च फार होत नाही.

भेट देणाऱ्याविषयी इतके लिहिले. घेणाऱ्याविषयीही लिहायला हवे. सुदाम्याच्या पोह्यांचा दाखला आपण स्वस्त भेटीसाठी हटकून देतो. पण भागवतातली गोष्ट नीट आठवावी. ते चार मुठी पोहे सुदाम्याच्या बायकोने शेजारच्या घरांतून मागून आणले होते, म्हणजे तेही उसनवारीचेच. आणि द्वारकेला पोहोचल्यावर ते वैभव पाहून सुदाम्याने ती पुरचुंडी बाहेर काढलीच नाही. मान खाली घालून बसला. ती ओढून काढली कृष्णाने, आणि सगळ्यांदेखत खाल्ली. नुसते 'वा, छान' म्हणून खिडकीत ठेवली असती, तर सुदामा पुन्हा द्वारकेची वाट चालला नसता. बेताच्या परिस्थितीतल्या भावाने आणलेले मेतकूट त्याच पंगतीत, त्याच्या पानात आणि आपल्या पानात वाढले पाहिजे. बहिणीने विणलेला मफलर थंडी नसली तरी निघताना गळ्यात हवा. 'कशाला आणलेस?' हे शब्द तर त्या दिवसापुरते विसरून जावेत; आपण ते प्रेमाने म्हणतो, पण ऐकणाऱ्याला ते किमतीवरचे शेरे वाटतात.

राहता राहिले फोटो. प्रत्येक घरात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो आणि त्यात पिवळे पडलेले, कोपरे दुमडलेले फोटो. त्यातल्या निम्म्या माणसांना ओळखणारे घरात आता एकच माणूस उरलेले असते. आत्या, थोरल्या मावशी किंवा आजोबा. तो डबा भाऊबीजेच्या दुपारी जेवणानंतर बाहेर काढावा. एकेक फोटो त्यांच्या हातात द्यावा, त्या सांगतील ती नावे, गाव, साल लिहून घ्यावे. चांगल्या फोटोंच्या प्रती फोटोवाल्याकडून करून पुढच्या वर्षी प्रत्येक भावंडाला एकेक पाकीट द्यावे. खर्च माणशी शे-दीडशेच्या आत राहतो. फोटोच्या पाठीवर लिहिताना बॉलपेन वापरू नये, दाबाने पुढच्या बाजूला वळ उठतात. मऊ शिसपेन्सिल घ्यावी, आणि आधी आत्याचा चष्मा शोधून ठेवावा.